ब्रेक लावताना गाडी डावीकडे ओढते आणि स्टिअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. पूर्ण रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकून चाके वळवणारा दातेरी दांडा) बदलण्याची खरोखर गरज आहे का?

कासपठार

नमस्कार. आमच्याकडे २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. तिचे ९४ हजार किलोमीटर झाले असून तिला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. गाडी मुख्यतः मीच चालवते. सातारा ते वाई असा माझा रोजचा प्रवास असतो आणि महिन्यातून एकदा सासऱ्यांना डॉक्टरांकडे दाखवण्यासाठी पुण्याला जावे लागते, त्यामुळे खंबाटकी घाटही ठरलेलाच. गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचे डावे चाक चांगलेच आपटले. टायर आणि रिम शाबूत दिसले म्हणून मी तेव्हा फारसे मनावर घेतले नाही.

गेल्या चार महिन्यांत मात्र पुढील गोष्टी जाणवू लागल्या आहेत. सरळ रस्त्यावर सत्तरच्या पुढे गेले की गाडी एका रेषेत राहत नाही आणि स्टिअरिंग सतत थोडे थोडे सावरावे लागते. जोरात ब्रेक लावला की गाडी डावीकडे झटका घेते. टोलनाक्यापूर्वीच्या पट्ट्यांवरून जाताना डावीकडून खटखट असा आवाज येतो, जो हातांपेक्षा पायांना अधिक जाणवतो. शिवाय पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली आहे. बाहेरची कड मात्र चांगली आहे.

तीन महिन्यांत दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) केली. दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. आता गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन मेकॅनिकने चाक दोनदा हलवले आणि "रॅक गेलाय, असेंब्ली बदलावी लागेल" असे सांगून मजुरीसह बावीस हजारांचा अंदाज दिला. एवढा खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे स्वतः पडताळून पाहण्याचा काही मार्ग आहे का? घरी जॅक, दोन स्टँड आणि दहावीतला उत्साही मुलगा एवढे साहित्य उपलब्ध आहे.

निवृत्त फिटर

ताई, निदानासाठी लागणारे जवळजवळ सगळे तुम्ही लिहिलेच आहे, आणि त्यातले फारच थोडे रॅककडे जाते. मी पस्तीस वर्षे वर्कशॉपमध्ये पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग याच कामावर होतो. रॅक खराब होतच नाही असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या दोन्ही टोकांना लागलेले स्वस्त जोड त्याच्या कितीतरी आधी झिजतात. हे काही आजच्या गाड्यांचे नाही. आमच्या उमेदवारीच्या काळात पद्मिनीला स्टिअरिंग बॉक्स होता, तर अँबेसेडरला रॅक-पिनियनच (पिनियन म्हणजे रॅक सरकवणारे लहान दातचक्र) होते, आणि त्या अँबेसेडरचे टाय रॉड एंड (रॅककडून येणारा दांडा चाकाला जोडणारे जोड) आम्ही वारंवार बदलत असू. रॅकला हात लावण्याची वेळ क्वचितच येई.

दोनदा अलाइनमेंट करूनही ती का टिकली नाही, ते आधी पाहू. गाडी मशीनवर उभी असते तेव्हा ढिला जोडही कुठेतरी विसावलेला असतो, आणि मशीन त्या विसावलेल्या स्थितीचेच माप घेते. पडद्यावर सगळे आकडे हिरवे दिसतात. गाडी रस्त्यावर आली, ब्रेक लागला की तोच जोड दोन मिलिमीटर सरकतो आणि मघाच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. म्हणून अलाइनमेंट हे सर्वांत शेवटचे काम आहे.

तुमच्या टायरची खूणही बोलकी आहे. टो, म्हणजे वरून पाहिल्यास चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप, चुकला असेल तर गाडी सरळ चालताना झीज दोन्ही पुढच्या चाकांवर वाटली जाते आणि टायरवरून आडवा हात फिरवल्यास एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखे लागते. झीज एकाच चाकाच्या आतल्या कडेला असेल तर त्या बाजूचा कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा कल) बिघडलेला असण्याचा संशय घ्यावा, म्हणजे लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा बाहू), त्याचे बुश (सांध्यातले रबर), बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा जोड), किंवा खड्ड्यात आपटून वाकलेला भाग. त्यातच ब्रेक लावताना गाडी डावीकडे ओढते, ही माझ्या मते डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशची तक्रार आहे. ब्रेक लागला की चाक मागे ढकलले जाते आणि तो जोर हेच बुश झेलते. त्याचे रबर फाटले असेल तर चाक मागे सरकते आणि त्याचा कोन बदलतो.

तरीही दोन साध्या गोष्टी आधी बाद करून घ्या. दोन्ही पुढच्या टायरमधील हवा गाडी थंड असताना सारखी करा. त्यानंतर दहा-बारा किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवून थांबल्यावर दोन्ही रिमजवळ हात नेऊन पाहा, स्पर्श करू नका. एक बाजू स्पष्टपणे जास्त गरम लागली तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा त्याच्या सरकपिना अडकल्या असतील, आणि मग शोध ब्रेकमध्ये घ्यायचा, स्टिअरिंगमध्ये नाही.

आता खरी तपासणी. पहिली गाडी जमिनीवर असतानाच करायची, कारण चाकांवर वजन असतानाच जोडांवर भार येतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाके सरळ. मुलाला स्टिअरिंगवर बसवा आणि इंजिन सुरू ठेवून त्याला स्टिअरिंग दोन-तीन बोटे रुंदीइतकेच डावी-उजवीकडे भराभर हलवायला सांगा, त्याहून जास्त नाही. तुम्ही बाहेरून पुढच्या चाकामागे हात घालून टाय रॉड एंडच्या जोडावर अशी बोटे ठेवा की अर्धे बोट रॉडवर आणि अर्धे नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या) बाहूवर राहील. अर्धा मिलिमीटर प्ले डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना टक् असा लागतो. त्यानंतर रॅकच्या टोकाचे रबरी बूट हलकेच दाबून आतला रॅक एंड (टाय रॉडचा रॅककडचा जोड) तसाच चाचपा. शेवटी गाडीत पेडलच्या वर, स्टिअरिंगचा दांडा जिथे खाली जातो तिथल्या युनिव्हर्सल जॉइंटवर बोट ठेवा. गाडी उभी असताना हाताला टकटक जाणवते अशा कित्येक तक्रारींचे मूळ हा जॉइंट किंवा त्याचा ढिला बोल्ट असतो, आणि बदनाम होतो रॅक.

दुसरी तपासणी चाक उचलून करायची. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, जॅकने उचला आणि लगेच स्टँड द्या. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालायचे नाही. घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी चाक धरून हलवल्यावर प्ले लागला तर तो टाय रॉड किंवा रॅककडचा समजावा. बारा आणि सहाच्या जागी लागला तर तो बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंगचा असतो. या दोहोंत फरक करण्यासाठी मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. चाक लटकलेले असतानाच लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलका जोर द्या. बॉल जॉइंट वर-खाली मुळीच सरकता कामा नये. तीच टॉमी लोअर आर्मच्या मागच्या बुशजवळ लावून आर्म पुढे-मागे रेटून पाहा. रबर थोडे दबणे ठीक आहे, पण फट उघडून धातू धातूला लागत असेल तर बुश संपले.

हे सगळे निर्दोष निघाले तरच रॅककडे वळा. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत पिनियन उजवीकडे असतो आणि डावे टोक एका बुशवर सरकते. डाव्या बूटमधून रॅकचा दांडा धरून वर-खाली उचलून पाहा. अख्खा दांडा उचलला जात असेल तर ते बुश गेलेले आहे. पिनियनजवळचा प्ले बऱ्याच रॅकमध्ये मागच्या स्क्रूने कमी करता येतो, मात्र तो जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, त्यामुळे ते काम माहीतगारानेच करावे.

रविवारचा मेकॅनिक

काकांनी निदान सविस्तर सांगितलेच आहे, त्यामुळे मी फक्त टाय रॉड एंड बदलण्याबद्दल लिहितो. मी रत्नागिरीत राहतो आणि आमच्याकडच्या खाऱ्या हवेत टाय रॉडचे आटे असे गंजतात की सुटा भाग बदलण्यापेक्षा तो सोडवण्यातच रविवार निघून जातो. आदल्या रात्री लॉकनट (एंड जागेवर घट्ट ठेवणारा नट) आणि आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवल्यास बरेच कष्ट वाचतात.

चाक काढण्यापूर्वी स्टिअरिंग सरळ करून ते लॉक करावे. नंतर टाय रॉडचा लॉकनट केवळ पाव फेरा सैल करावा, कारण त्याची जागा हीच आपली खूण असते. मी शिवाय आट्यांवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारतो आणि जुना एंड काढताना पूर्ण फेरे मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. एकदा "एवढे काय लक्षात राहणार नाही" असे म्हणून फेरे लिहिले नाहीत आणि सतरा होते की अठरा यावर माझा आणि माझ्या भावाचा वाद झाला. एका फेऱ्याने काय बिघडते असे वाटेल, म्हणून हिशोब देतो. आट्याची पिच दीड मिलिमीटर, नकलचा बाहू सुमारे १२ सेंटिमीटर आणि टायरचा व्यास सुमारे ५५ सेंटिमीटर धरला, तर एका फेऱ्याने त्या चाकाचा टो जवळजवळ ७ मिलिमीटरने बदलतो, आणि छोट्या गाड्यांना मुभा असते ती एक-दोन मिलिमीटरची.

स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुपाखी पिन) काढून कॅसल नट (खाचा असलेला नट) सैल करावा, पण पूर्ण काढू नये. तीन-चार आट्यांवर राहू द्यावा, म्हणजे जोड सुटताना उडी मारून अंगावर येत नाही. एंडचा बाहूत बसलेला निमुळता खुंटा सोडवण्यासाठी पुलर वापरणे सर्वांत उत्तम. पुलर नसेल तर नकलच्या बाहूच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने हातोड्याचा एक नेमका फटका मारावा. खुंट्याच्या आट्यांवर मात्र कधीही मारू नये. दुबेळक्याची (दोन टोकांची) पाचर ठोकून जोड सुटतो खरा, पण रबरी टोपी फाटते, त्यामुळे जुना एंड फेकायचाच असेल तरच ती वापरावी.

नवा एंड लावताना खुंट्याला आणि त्याच्या भोकाला ग्रीस किंवा तेल लावू नये. दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि स्वच्छ हवेत, कारण निमुळता जोड घर्षणावरच धरून राहतो. नट आवळताना खुंटाच फिरू लागला तर जोडाखाली जॅक लावून तो किंचित वर दाबावा म्हणजे खुंटा बसतो. आवळण्याचा आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. छोट्या गाड्यांत तो बहुधा ४० ते ५० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. टॉर्क पूर्ण झाल्यावर नटाची खाच आणि पिनेचे छिद्र जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवावा, मागे सैल करून कधीही नाही. स्प्लिट पिन दरवेळी नवीन घालावी. ती दोन-चार रुपयांची वस्तू आहे आणि जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणाऱ्यांचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आतला रॅक एंड बदलायचा असेल तर तो घरी करू नये असे माझे मत आहे. त्यासाठी लांब नळीसारखे खास हत्यार लागते, आणि जोर लावताना रॅकचा दांडा नीट धरला नाही तर तो जोर पिनियनच्या दातांवर जातो. तसेच कोणत्याही कारणाने स्टिअरिंगचा दांडा कॉलमपासून सोडवावा लागला तर वरचे स्टिअरिंगचे चाक फिरणार नाही याची काळजी घ्यावी, कारण एअरबॅगला वीज पोहोचवणारी गुंडाळीची केबल त्यात असते आणि चाक मोकळे फिरले तर ती तुटते.

लेस्टरकर

मी मूळचा सांगलीचा आहे, सध्या इंग्लंडमध्ये राहतो. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी सक्तीची आहे, आणि काकांनी सांगितलेली स्टिअरिंग हलवून जोड पाहण्याची पद्धत त्या तपासणीचाच भाग आहे. एक जण स्टिअरिंग हलवतो, दुसरा खालून प्रत्येक जोड पाहतो. २०१८ च्या मे महिन्यापासून दोषांची किरकोळ, मोठा आणि धोकादायक अशी वर्गवारी केली जाते आणि शेवटच्या दोहोंपैकी काहीही निघाले तर गाडी नापास होते. फाटलेल्या रबरी टोपीचीही नोंद होते, कारण जोड अजून घट्ट असला तरी त्यात माती-पाणी शिरू लागलेले असते.

भारतात खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी फिटनेस पाहिला जातो. म्हणजे ताईंच्या दहा-बारा वर्षांच्या गाडीखाली वाकून हे जोड पाहण्याचे बंधन आजवर कोणावरच नव्हते. मी दर सुट्टीत सांगलीला आलो की वडिलांच्या गाडीची ही तपासणी स्वतः करतो. दोन्ही बाजू मिळून वीस मिनिटेही लागत नाहीत.

कासपठार

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी मुलाला घेऊन सांगितल्याप्रमाणे सगळे केले. हवा सारखी होती आणि दोन्ही रिम सारखेच कोमट लागले, त्यामुळे ब्रेकचा संशय गेला.

जमिनीवरच्या तपासणीत डाव्या टाय रॉड एंडवर बोट ठेवताच टक् असे स्पष्ट लागले. उजव्या बाजूला काहीच नाही. मी आधी उजवीकडून सुरुवात केली होती आणि तिथे काही न लागल्यामुळे आपल्याला हे जमत नाही असेच मला वाटले होते, पण डावीकडे हात लावल्यावर शंकेला जागा राहिली नाही. दोन्ही बूट कोरडे आहेत आणि आतले रॅक एंड घट्ट आहेत. युनिव्हर्सल जॉइंटमध्ये काही आढळले नाही. डावे चाक उचलून बारा-सहाला हलवले तेव्हा प्ले नव्हता, तीन-नऊला थोडा होता. टॉमीने लोअर आर्म रेटल्यावर मात्र मागच्या बुशचे रबर बाहेरच्या बाजूने ओठासारखे उघडले आणि आतली धातूची नळी दिसली. मुलाने त्याचा व्हिडिओ काढून ठेवला आहे. याखेरीज लिंक रॉड (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी कांडी) हाताने हलवल्यावरच खटखट वाजला, म्हणजे पट्ट्यांवरचा आवाज बहुधा त्याचा असावा. रॅकचे डावे टोक उचलून पाहिले, हलले नाही.

आता दोन प्रश्न आहेत. आमच्या गाडीत बॉल जॉइंट लोअर आर्मलाच पक्का बसवलेला आहे. ओळखीचा एक लेथवाला आर्ममध्ये नवीन बुश दाबून आणि बॉल जॉइंट "भरून" अगदी थोडक्या पैशांत देतो म्हणतो. हे करावे का? आणि सगळे भाग दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदलावे लागतात का?

निवृत्त फिटर

ताई, बॉल जॉइंट भरून घेऊ नका, आणि हे मी जरा ठामपणे सांगतो. ते करताना जोडाची वाटी कापून गोळ्याभोवती नवे अस्तर घालतात आणि वेल्डिंगने पुन्हा बंद करतात. त्या उष्णतेने अस्तर तिथेच करपते आणि पोलादाचा कडकपणाही बिघडतो. टाय रॉड एंड निखळला तर ते चाक मन मानेल तिकडे वळते. बॉल जॉइंट निखळला तर चाक गाडीखाली मुडपते. खंबाटकी उतरताना यातले काहीही होऊ नये. नुसते बुश दाबून घेणे यात तसे गैर काही नाही, मात्र बुशमधील पोकळ्यांची दिशा मूळच्यासारखी हवी आणि आर्म सरळ हवा. तुमचा आर्म खड्ड्यात आपटलेला आहे आणि एका टायरची आतली कड झिजली आहे, तेव्हा मी बुश आणि बॉल जॉइंटसह पूर्ण नवा आर्म घेईन.

जोडीने बदला हा सरसकट सल्ला मला पटत नाही. शॉकअप आणि स्प्रिंग जोडीनेच बदलावेत, कारण दोन बाजूंचा दाब वेगळा असून चालत नाही. टाय रॉड एंड ज्या बाजूचा झिजला त्याच बाजूचा बदलला तरी पुरते. लिंक रॉड स्वस्त असतात आणि एक गेला की दुसराही फार दिवस टिकत नाही, म्हणून ते दोन्ही घ्या. उजव्या आर्मचे बुश टॉमीने पाहा. रबरात बारीक भेगा पडल्या असतील तर एकाच मजुरीत तोही करून टाका, नसतील तर राहू द्या.

काम करवून घेताना एका गोष्टीकडे स्वतः उभे राहून लक्ष द्या. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे. हे रबरी बुश बेअरिंगसारखे फिरत नाही. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जखडली जाते आणि आर्म वर-खाली होताना रबर पिळले जाते. लिफ्टवर आर्म लटकत असतानाच बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरताच नवे रबर पिळलेल्या स्थितीत राहते, रात्रंदिवस तसेच, आणि काही महिन्यांत फाटते. "नवीन बुश टाकले तरी टिकत नाहीत, मालच खराब येतो" ही तक्रार मी आयुष्यभर ऐकत आलो, आणि त्यातली बरीचशी या एका चुकीची होती. मेकॅनिकला सांगा की बोल्ट हाताला लागेपर्यंतच आवळा, गाडी खाली घ्या, पुढून दोन-तीनदा दाबून हलवा आणि मग खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन टॉर्क द्या. लिफ्टवरच करायचे झाल्यास आर्मखाली जॅक लावून गाडी लिफ्टवरून किंचित उचलू लागेपर्यंत आर्म वर घ्यावा.

अलाइनमेंटच्या वेळी स्टिअरिंग सरळ ठेवून शिकंज्याने (ते जागेवर धरून ठेवणाऱ्या पकडीने) बांधायला लावा आणि टो दोन्ही बाजूंच्या रॉडवर करायला सांगा. बूटची बाहेरची क्लिप आधी सोडवावी, नाहीतर रॉड फिरवताना बूट पिळला जातो आणि तिथेच चिरतो.

कासपठार

काम झाले, म्हणून शेवट काय झाला ते लिहिते. मी गॅरेज बदलले. उजव्या आर्मच्या बुशलाही भेगा निघाल्या, त्यामुळे दोन्ही लोअर आर्म, डावा टाय रॉड एंड आणि दोन्ही लिंक रॉड बदलले. मजुरी आणि अलाइनमेंट धरून ९,४०० रुपये झाले. पुढचे दोन टायर वेगळे. रॅक जुनाच आहे. बोल्ट वजनावर आवळा असे सांगितल्यावर मेकॅनिकने आधी माझ्याकडे आणि मग सासऱ्यांकडे पाहिले, पण तक्रार न करता गाडी रॅम्पवर घेतली.

अलाइनमेंटनंतर एक घोळ झालाच. गाडी सरळ जात होती, पण स्टिअरिंगचा आडवा दांडा उजवीकडे कललेला राहत होता. परत जाऊन आट्यांकडे पाहिले तर डाव्या रॉडचेच आटे चमकत होते, उजव्यावर जुनी धूळ तशीच होती. म्हणजे सगळा टो एकाच बाजूने भरून काढला होता. दुसऱ्या वेळी समोर उभी राहिले, शिकंजा लावून घेतला आणि दोन्ही रॉड सारख्याच मापाने, एक आत आणि एक बाहेर, असे फिरवून घेतले. आता स्टिअरिंग मधोमध आहे. स्टिअरिंगच्या कडेवर चिकटपट्टी लावून मुलाने मोजलेला मोकळा प्ले आधी ३८ मिलिमीटर होता, तो आता १२ आहे.

जुना डावा आर्म मी मागून घेऊन घरी आणला. सासऱ्यांनी तो ओट्यावर ठेवून बुशच्या फाटीत दहाचे नाणे घातले तर ते पलीकडून बाहेर आले. परवा खंबाटकीत पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला तेव्हा मीही जोरात दाबला आणि गाडी आपल्या लेनमध्ये सरळ थांबली. हजार किलोमीटर झाले की लॉकनट आणि बूटच्या क्लिपा एकदा पाहून घेईन.